एकाच बाकावरची दोन मुले : कॅथलिक शाळेतील धर्मजीवन आणि आपण

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखानदारीच्या पट्ट्यात दलित कुटुंबांपुढे दरवर्षी प्रवेशाच्या हंगामात एक प्रश्न उभा राहतो. मुलाला फादरांच्या शाळेत घालावे काय? या प्रश्नाला तीन ठरीव उत्तरे मिळतात. पहिले उत्तर कंपनीत पर्मनंट झालेल्या बापाचे असते : तेथे शिस्त आहे, इंग्रजी आहे, पोरगा साहेब होईल, बाकीचे आपल्याला काय करायचे? दुसरे उत्तर चौकातल्या धर्मरक्षकांचे असते : तेथे पोरांना बाटवतात. तिसरे उत्तर आपल्याच चळवळीतील कार्यकर्त्याचे असते : ज्या घराने बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या घरातल्या पोराने येशूपुढे हात का जोडावेत?

या तिन्ही उत्तरांत एक साम्य आहे. कॅथलिक शाळेत धर्माच्या नावाने नेमके काय चालते, याची चौकशी तिघांपैकी कोणीच केलेली नसते. प्रस्तुत लेखाचा हेतू ती चौकशी करण्याचा आहे. मी स्वतः अशा शाळेत शिकलेलो नाही. वडील जालना जिल्ह्यातून कामासाठी येथे आले आणि ठेकेदाराकडे राबले. मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलो, आणि घरात पदवी घेणारा पहिला मीच. आज या पट्ट्यातील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गात कॅथलिक शाळांतून आलेली मुले असतात, बहिणीचा मुलगा अशाच एका शाळेत आहे, आणि माझे एक सहकारी राहुरी तालुक्यातील दलित कॅथलिक घराण्यातले आहेत. यांच्याशी वर्षानुवर्षे झालेल्या बोलण्यातून आणि वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

(१) दोन उगम

कॅथलिक पंथात शाळा चालवणारे अनेक संघ आहेत. मुलांच्या हायस्कुलांशी ज्याचे नाव सर्वात घट्ट जोडले गेले तो संघ म्हणजे येशूसंघ, म्हणजेच जेज्विट. १५४० साली पोपने या संघाला मान्यता दिली. १५४८ साली सिसिलीतील मेसिना येथे त्याची पहिली मोठी शाळा निघाली. १५९९ साली संघाने आपल्या सर्व शाळांसाठी एक शिक्षणसंहिता घालून दिली. इयत्तांची उतरंड, स्पर्धा, वक्तृत्व, नाटके, वेळेचे काटेकोर बंधन आणि या सर्वांच्या मुळाशी धर्माचरण, असा तिचा साचा होता. पुण्याच्या कॅम्पात १८६७ साली सुरू झालेले सेंट व्हिन्सेंट्स हायस्कूल आणि पाषाणला १९६१ साली निघालेले लोयोला हायस्कूल ही येशूसंघाने मुलांसाठी काढलेली पुण्यातील दोन नामांकित विद्यालये. मुंबईतील सेंट मेरीज (१८६४) आणि सेंट झेवियर्स हायस्कूल (१८६९) याच पठडीतली.

आपल्या पट्ट्याची कथा नंतरची आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० साली येथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. त्यानंतर कारखाने चाकणकडे सरकले. कारखान्यांमागून केरळ, मंगळूर, गोवा, तमिळनाडू येथील कॅथलिक कामगार आले. त्यांच्यामागून चर्च आले आणि चर्चच्या कुंपणाला लागून शाळा आली. येथील शाळा बहुतेक मुलामुलींच्या एकत्र, आणि धर्मप्रांताच्या किंवा सिस्टरांच्या आहेत. तथापि त्यांच्या धर्मजीवनाचे वेळापत्रक कॅम्पातील मुलांच्या शाळांनी घालून दिलेल्या वळणाचेच आहे.

परंतु कॅथलिक शाळेचा दुसराही एक उगम आहे, आणि तो आपल्या अधिक जवळचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येशूसंघाचे जर्मन धर्मगुरू अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात गेले. राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे या भागांतील महार आणि मांग कुटुंबे त्यांच्याकडे आली. तेथे शाळा म्हणजे एका खोलीत मराठी अक्षरे आणि धर्मशिक्षण दोन्ही शिकवणारा ‘मास्तर’. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ हे मराठी मासिक याच मिशनच्या मातीत सुरू केले; हेच डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले. मराठी आणि येशूसंघ यांचे नाते तर त्याहून जुने; फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. म्हणजे एकाच चर्चच्या एका हातात कॅम्पातील इंग्रजी शाळा होती आणि दुसऱ्या हातात महारवाड्यातील मराठी शाळा होती. एकीतून अधिकारी निघाले. दुसरीतून मास्तर, परिचारिका आणि पुढे पिंपरीच्या कारखान्यातले कामगार निघाले. ही फाळणी ध्यानात ठेवल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही.

(२) शाळेचा दिवस आणि शाळेचे वर्ष

दिवसाची सुरुवात असेंब्लीने होते. क्रूसाची खूण, ‘आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना किंवा सर्वांना म्हणता येईल अशी देवाला उद्देशून केलेली प्रार्थना, एखादे इंग्रजी भजन, बोधवचन, मग प्रतिज्ञा आणि राष्ट्रगीत. काही शाळांत दुपारी बाराला घंटा होते. देवदूताने मरियेला निरोप दिला त्या प्रसंगाची ती आठवण. शाळा सुटताना पुन्हा छोटी प्रार्थना. हे सर्व मुलांसमोर होते. कॅथलिक मुले क्रूसाची खूण करतात, इतर मुले उभी राहतात, आणि पुष्कळशी सवयीने ओठ हलवतात.

वर्षाचा क्रम असा. जूनमध्ये वर्षारंभाची मिस्सा. येशूसंघाच्या शाळेत ३१ जुलैला संघसंस्थापक इग्नेशियसचा सण. १५ ऑगस्टला झेंडावंदन, आणि त्याच दिवशी मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. ८ सप्टेंबरला मरियेचा जन्मदिवस. ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे जपमाळेचा महिना. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर. मग नाताळचा गोठा, कॅरल गायन. फेब्रुवारी-मार्चमध्ये राखेचा बुधवार. त्या दिवशी कपाळाला राख लावून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो, शुक्रवारी ‘क्रूसाची वाट’ चालतात, आणि ईस्टरने तो काळ संपतो. याशिवाय महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीची मिस्सा असते.

मिस्सा म्हणजे काय, हे आपल्याकडे नीट ठाऊक नसते. येशूने शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनाचे ते स्मरण आहे. कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार धर्मगुरू वेदीवर भाकर व द्राक्षारस अर्पण करतो तेव्हा ते ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते. तो प्रसाद केवळ बाप्तिस्मा झालेल्या आणि तयारी केलेल्या कॅथलिकालाच दिला जातो. म्हणून ‘पोराला प्रसाद खायला घालून बाटवले’ ही जी कुजबूज वस्तीत होते ती अज्ञानातून होते. चर्च आपण होऊन बिगर-कॅथलिक मुलाला तो प्रसाद देत नाही. बाप्तिस्म्यासाठीही, समजत्या वयात आलेल्या माणसाला दीर्घ शिकवणीतून जावे लागते.

कॅथलिक मुलाचे शालेय धर्मजीवन मात्र पायरीपायरीने चढत जाते. सात-आठ वर्षांचा झाला की पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूजवळ आपल्या चुका सांगणे, आणि त्यानंतर प्रथम कम्युनियन. किशोरवयात दृढीकरणाचा संस्कार, जो सामान्यतः बिशपच्या हातून होतो. मधल्या काळात हुशार व नियमित मुलगा वेदीसेवक होतो. पांढरा झगा घालून धर्मगुरूला मदत करतो. वरच्या इयत्तांत ‘रिट्रीट’ असते : एक-दोन दिवस मौन, मनन, आत्मपरीक्षण. जुन्या काळी येशूसंघाच्या प्रत्येक शाळेत ‘सोडॅलिटी’ असे. १५६३ साली रोमच्या कॉलेजात सुरू झालेले हे मरियेच्या भक्त विद्यार्थ्यांचे मंडळ. १९६७ साली त्याचे रूप आणि नाव दोन्ही बदलले. निवडक मुले, नियमित प्रार्थना, आठवड्याला रुग्णालय किंवा झोपडपट्टीत सेवाकार्य, अशी त्याची घडण होती. पुष्कळ फादर अशा मंडळांतूनच निघाले.

१९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यात मोठा फरक केला. तोपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होती. ती लोकभाषेत आली, मराठीतही आली. १९६५ सालच्या दोन जाहीरनाम्यांनी अन्य धर्मांतील सत्य व पावित्र्य चर्च नाकारत नाही असे सांगितले, आणि धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये असेही मान्य केले. आजच्या कॅथलिक शाळेत असेंब्लीत दिवाळी आणि ईद यांचाही उल्लेख होतो, त्यामागे ही परिषद आहे.

(३) वर्ग दुभंगतो तो तास

आठवड्यातील एक-दोन तास असे असतात की त्या वेळी वर्गाचे दोन भाग होतात. कॅथलिक मुले ‘कॅटेकिझम’ला, म्हणजे धर्मशिक्षणाला जातात. उरलेली मुले ‘मॉरल सायन्स’ला, अलीकडच्या भाषेत मूल्यशिक्षणाला बसतात. वर्षभर एकत्र खेळणारी मुले त्या तासाला आपापला धर्म ओळखतात.

कॅटेकिझममध्ये श्रद्धेची कलमे, दहा आज्ञा, सात संस्कार, संतांची चरित्रे शिकवली जातात. मूल्यशिक्षणात खरे बोला, मोठ्यांचा मान राखा, गरिबांना मदत करा, रागावर ताबा ठेवा, कॉपी करू नका, असे धडे असतात. बहिणीच्या मुलाची तीन वर्षांची मूल्यशिक्षणाची पुस्तके मी चाळली. त्यांत रस्त्यावरचा भिकारी होता, आंधळा म्हातारा होता, दूरच्या देशातले उपाशी मूल होते. जात हा शब्द तिन्ही पुस्तकांत मला सापडला नाही.

येथे आपल्याला आक्षेप घ्यायचा असेल तर तो घेतला पाहिजे. पापनिवेदनाच्या परंपरेतून आलेली नीती माणसाला स्वतःच्या आत पाहायला शिकवते. मी खोटे बोललो काय, मी चोरी केली काय, मी कोणाला दुखावले काय, असे प्रश्न ती विचारते. हे चांगलेच आहे. परंतु जातिव्यवस्था ही अशा एकेकट्या चुकांची बेरीज नव्हे. एखादा मुलगा कधीही खोटे न बोलता, कोणालाही न दुखवता जातीचे सर्व लाभ आयुष्यभर घेऊ शकतो, आणि रोज रात्री आत्मपरीक्षण करूनही त्याला त्यात काही वावगे दिसणार नाही. ज्या नीतिशिक्षणात व्यवस्थेचे नावच नाही, ते दलित मुलाला त्याच्या अपमानाचा अर्थ सांगू शकत नाही आणि सवर्ण मुलाला त्याच्या सुखाचाही अर्थ सांगू शकत नाही. गरिबाला मदत करा, या धड्यात दलित मूल मदत घेणाऱ्याच्या जागी बसवले जाते. हक्क मागणाऱ्याच्या जागी ते कधी दिसत नाही.

डिसेंबर महिना याचे उत्तम उदाहरण आहे. शाळेत २५ डिसेंबरसाठी गोठा सजतो. गोठ्यात जन्मलेले, मुक्कामाला जागा न मिळालेले मूल ही त्या कथेची मध्यवर्ती प्रतिमा आहे. त्याच तारखेला, १९२७ साली, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच तारखेला, १९५४ साली, याच पट्ट्यातील देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, आणि आजही हजारो बौद्ध कुटुंबे त्या दिवशी तेथे जातात. आपले मूल कॅरल गाऊन येते आणि दुसऱ्या दिवशी आईचे बोट धरून देहूरोडला जाते. या दोन्ही गोष्टी एकाच वर्गात बोलता आल्या असत्या. गोठ्यातल्या मुलाला आणि चवदार तळ्याच्या माणसांना एकमेकांची भाषा कळली असती. पण त्यासाठी शिक्षकाला महाड ठाऊक असावे लागते.

(४) कायदा काय म्हणतो

पालकांनी आणि शिक्षकांनी राज्यघटनेतील दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत. कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क देते. कलम २८(३) सांगते की, शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणालाही, त्याच्या संमतीशिवाय आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही. म्हणजे फादरांना शाळेत मिस्सा करण्याचा हक्क आहे आणि आपल्या मुलाला त्या मिस्सेला न जाण्याचाही हक्क आहे. दोन्ही हक्क एकाच घटनेने दिले आहेत. एक मोडून दुसरा टिकणार नाही.

न्यायालयांनी हे वेळोवेळी स्पष्ट केले. १९८६ साली केरळातील यहोवाचे साक्षी या पंथाची तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत पण गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते काढणे रद्द केले. नाशिक जिल्ह्यातील एका शाळेत संजय साळवे हे शिक्षक प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नसत, म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने हात जोडण्याची सक्ती हा मूलभूत हक्काचा भंग ठरवला. ती शाळा ख्रिस्ती मिशनची नव्हती, हेही लक्षात घ्यावे. या राज्यातल्या हजारो तथाकथित सर्वधर्मीय शाळांत रोज सरस्वतीपूजन आणि श्लोक चालतात, त्यांना कोणी धर्मप्रसार म्हणत नाही. कॅथलिक शाळेला लावलेली फूटपट्टी तेथेही लावायची तयारी असेल तरच ती प्रामाणिक ठरेल.

२००२ साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक भेद केला : धर्माचे आचरण शिकवणे वेगळे आणि धर्मांविषयी माहिती देणे वेगळे. या दुसऱ्या अर्थाने बुद्ध, कबीर, तुकोबा, येशू, पैगंबर सर्वांविषयी सर्व मुलांना शिकवता येते. मूल्यशिक्षणाचा तास याच जागी उभा करता येईल.

खुद्द कॅथलिक चर्चनेही यात पाऊल टाकले आहे. २०२४ च्या प्रारंभी आसामात काही संघटनांनी ख्रिस्ती शाळांतून मूर्ती व क्रूस हटवा, फादर-सिस्टरांनी झगे घालू नयेत, अशा धमक्या दिल्या. त्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या शिक्षण विभागाने देशभरातील शाळांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या. अन्य धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, रोजच्या असेंब्लीत संविधानाची प्रास्ताविका म्हणा, शाळेत सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष ठेवा, अशा त्या सूचना होत्या. भीतीतून आल्या म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही. रोज सकाळी प्रास्ताविका म्हणणारी शाळा आपल्याला हवीच आहे.

(५) दोन मुले

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वर्गात एका बाकावर दोन मुले आहेत असे समजा. दोघांचेही पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एकाच महारवाड्यातले. एकाचे कुटुंब मिशनच्या काळात कॅथलिक झाले, दुसऱ्याचे १४ ऑक्टोबर १९५६ नंतर बौद्ध झाले. दोघांचे वडील आज एकाच कारखान्यात, एकाच पाळीला. कॅटेकिझमच्या तासाला पहिला उठून जातो, दुसरा बाकावर राहतो. पाहणाऱ्याला वाटेल की या शाळेत पहिल्याचे घर आहे आणि दुसरा पाहुणा आहे.

शाळेच्या दाराबाहेर पडताच चित्र उलटे होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. १९८५ साली सुसई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ख्रिस्ती दलिताची मागणी फेटाळली. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने हा धर्मावर आधारलेला भेद काढून टाकावा असे सुचवले. ते अंमलात आले नाही. २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग पुन्हा याच प्रश्नावर नेमला गेला. दरम्यान महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात टाकले आहे. म्हणजे आपल्या दोन मुलांपैकी बौद्ध मुलाला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती, राखीव जागा आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कवच आहे. कॅथलिक मुलाला यातले काहीही नाही. गावात मात्र दोघांनाही एकाच नावाने ओळखतात.

बरे, चर्चच्या आत तरी त्याला समता मिळते काय? माझे सहकारी सांगतात की इंग्रजी मिस्सेला येणारे आणि मराठी मिस्सेला येणारे यांची कपड्यांवरूनच ओळख पटते. गोव्या-मंगळूरच्या घरांशी नगरच्या घरांची सोयरीक क्वचितच होते. नगरचे हे कॅथलिक सप्टेंबरमध्ये श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला लोटतात. आपल्या पट्ट्यातूनही गाड्या भरून जातात. तेथे ते मराठीत गातात, नवस फेडतात, नातेवाइकांना भेटतात. शाळेच्या इंग्रजी कॅटेकिझममध्ये हा सारा मराठी भक्तिभाव कोठे दिसत नाही. त्यांच्या मुलाला शाळेत धर्म मिळतो, पण तो त्याच्या आजीचा धर्म नसतो.

चर्चने हे झाकूनही ठेवलेले नाही. डिसेंबर २०१६ मध्ये कॅथलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. भारतातील सुमारे १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित असल्याचे आणि चर्चमध्ये अस्पृश्यता व भेदभाव असल्याचे तीत मान्य केले आहे. येशूसंघाने तर १९७५ साली आपल्या बत्तिसाव्या महासभेत, श्रद्धेची सेवा आणि न्यायाची प्रस्थापना ही दोन्ही मिळून आपले एकच कार्य आहे, असे ठरवले. त्याआधी, १९७३ साली संघप्रमुख पेद्रो अरुपे यांनी माजी विद्यार्थ्यांपुढे, आपल्या शाळांनी दुसऱ्यांसाठी जगणारी माणसे घडवली पाहिजेत, आणि न्यायाचे शिक्षण देण्यात आपण कमी पडलो, असे उघड सांगितले. आपली मागणी या शब्दांपलीकडची नाही. हे शब्द वर्गात उतरावेत एवढेच आपण म्हणतो.

(६) बाबासाहेबांचा प्रश्न

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मांतराचा विचार फार बारकाईने केला होता. त्यांचे याविषयीचे लेखन महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या ‘लेखन आणि भाषणे’ मालेच्या पाचव्या खंडात आहे. मिशनऱ्यांनी शाळा-इस्पितळांवर जो पैसा व श्रम खर्च केले त्यांचा लाभ मुख्यतः उच्चवर्णीय हिंदूंनी उठवला, आणि धर्मांतरित अस्पृश्य मात्र मागे राहिला, असा त्यांचा रोख आहे. हा प्रश्न आज आपल्या पट्ट्यात तसाच विचारता येतो.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ साली अल्पसंख्याक शाळांचा अहवाल दिला. त्यानुसार ख्रिस्ती शाळांतील सुमारे ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्तीतर आहेत. आणि अल्पसंख्याक शाळांतील एकूण विद्यार्थ्यांत सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित गटांतील मुले केवळ ८.७६ टक्के आहेत. आयोगाचे हेतू काय होते यावर वाद होऊ शकतो. परंतु पहिला आकडा ‘बाटवण्या’च्या आरोपाला परस्पर उत्तर देतो : एवढ्या प्रचंड संख्येने ख्रिस्तीतर मुले पिढ्यान्‌पिढ्या या शाळांत शिकली आणि ख्रिस्ती न होता बाहेर पडली. दुसरा आकडा मात्र शाळांना लाजवणारा आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित मुलांना ठेवल्या. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळले आणि २०१४ च्या प्रमती निकालाने सर्वच अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही असे ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी या निकालाविषयी शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. न्यायालय काय ठरवील ते ठरवो. कायद्याने दार उघडायची सक्ती नाही म्हणून ते बंदच ठेवावे असे कोणत्याही धर्मात सांगितलेले नाही.

दलित मुलाला या शाळेत गमवावे लागते ते येथे. त्याचा धर्म तेथे सहसा जात नाही. त्याला आत येण्याची संधीच मिळत नाही. फी, मुलाखत, आईबापांचे इंग्रजी, या चाळण्यांतून तो गळून पडतो. जो आत जातो त्याला जात या विषयावर शाळेत एक अक्षर ऐकू येत नाही. आणि त्याच्या शेजारी बसणारा कॅथलिक दलित तर स्वतःला दलित म्हणवून घ्यायलाही कचरतो.

(७) काय करता येईल

पालकांनी घाबरून मुलाला काढून घेऊ नये आणि डोळे झाकून सहीही करू नये. प्रवेशअर्जावर धर्म ‘बौद्ध’ असा स्पष्ट लिहावा. धर्मशिक्षण व उपासना यांविषयी शाळा संमती कशी घेते हे विचारावे, आणि आपला होकार वा नकार लेखी द्यावा. मुलाला सांगावे की प्रार्थनेच्या वेळी आदराने स्तब्ध उभे राहणे हा तुझा हक्क आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करणे हा हक्क नाही.

शिक्षकांनी, विशेषतः अशा शाळांत नोकरी करणाऱ्या आपल्या शिक्षकांनी, मूल्यशिक्षणाचा तास मागून घ्यावा. तो तास सहसा कोणाला नको असतो. त्यात प्रास्ताविका शब्दाशब्दाने शिकवावी. महाड, पुणे करार, ११ एप्रिल, १४ एप्रिल शिकवावे. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४८ साली त्यांनी स्वतः मुलींची शाळा काढली, हे सांगावे. मिशनच्या शाळेतून धर्म न बदलताही बंडखोर निघतो, याहून चांगला पुरावा नाही.

कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, या पट्ट्यातील प्रत्येक कॅथलिक शाळेकडे नम्रपणे एक हिशेब मागावा : आपल्याकडे अनुसूचित जाती-जमातींची, बौद्धांची आणि दलित कॅथलिकांची मुले किती, शिक्षक किती, फीमाफी किती जणांना? २०१६ च्या धोरणाचा आधार घेऊन मागितलेला हिशेब फादरांना नाकारता येणार नाही. दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. ख्रिस्ती दलितांच्या अनुसूचित जातीच्या दर्जाचा प्रश्न निघाला की आपल्यापैकी पुष्कळ जण गप्प बसतात, कारण भाकरीत वाटेकरी वाढेल अशी भीती असते. ही भीती खरी आहे. टक्का वाढवून मिळाल्याशिवाय ती जाणार नाही, आणि म्हणून टक्का वाढवण्याची मागणी त्याच ठरावात आली पाहिजे. परंतु बौद्धांना १९५६ पासून १९९० पर्यंत चौतीस वर्षे याच आदेशाने केंद्राच्या सवलतींबाहेर ठेवले होते. ज्यांनी ते सोसले त्यांनी तरी त्याच दाराबाहेर उभ्या असलेल्या भावंडाविषयी मौन पाळू नये.

बाकावरून एक मूल कॅटेकिझमला उठून जाते आणि एक बसून राहते, यात काही बिघडत नाही. ज्याने त्याने आपल्या श्रद्धेच्या तासाला जावे. त्यानंतरच्या इतिहासाच्या तासाला दोघे पुन्हा शेजारी बसतील, तेव्हा आपण एकाच महारवाड्यातून आलो आहोत हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे. फादर सांगणार नसतील तर ते काम आपले आहे.